अठरा संघ, सामने मात्र नऊच

नेटवर्क सायन्समध्ये नवीन असाल, तर सरावाला एक डेटा हमखास मिळतो: अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा. (लंबगोल चेंडू हातात घेऊन पळतात, तो फुटबॉल.) २००० च्या मोसमातले ११५ संघ म्हणजे ११५ ठिपके. जे दोन संघ एकमेकांशी खेळले, त्यांच्यात एक रेघ.

२००२ साली मिशेल गर्व्हन आणि मार्क न्यूमन यांनी या जाळ्यावर एक युक्ती वापरली. ज्या रेघेवरून सर्वात जास्त जवळचे रस्ते जातात ती काढून टाकायची, पुन्हा मोजायचं, पुन्हा काढायची. जाळं हळूहळू सुटं होतं आणि दाट पुंजके उरतात. हे पुंजके म्हणजे बहुतांशी त्या संघांच्या कॉन्फरन्स निघाल्या! थोडक्यात, कॉन्फरन्स म्हणजे आपसात भरपूर खेळणारे संघ.

आता प्रश्न असा, की कॉन्फरन्सनी बाहेरचे तगडे संघ घेऊन वाढावं का?

पैशाचं गणित सरळ आहे. नव्या संघामुळे टीव्ही करारात पडणारी भर सध्याच्या सरासरी वाट्यापेक्षा जास्त असेल, तर सगळ्यांचाच फायदा. म्हणून तगडेच संघ हवे असतात. २०२४ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत गेले. यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन ‘बिग टेन’मध्ये. नाव ‘टेन’, संघ १८!

पण सामन्यांचं गणित बघा. १० संघ आणि प्रत्येकी ९ सामने असतील, तर ४५ च्या ४५ जोड्या भिडतात. १८ संघांत जोड्या होतात १५३, पण प्रत्येकी ९ सामने म्हणजे एकूण ८१. भेट होते जेमतेम ५३ टक्के जोड्यांची. एसईसीत १६ संघ, २०२४ मध्ये प्रत्येकी ८ सामने होते. तिथेही ५३ टक्केच.

याचा परिणाम लगेच दिसला. २०२४ मध्ये बिग टेनमध्ये पेन स्टेट आणि इंडियाना दोघांचेही ८ विजय, १ पराभव. दोघं एकमेकांशी खेळलेच नव्हते. अंतिम सामन्यात गेला पेन स्टेट. त्याच मोसमात पॅक-१२ मध्ये उरले फक्त दोन संघ, कारण बाकीचे दहा निघून गेले. आणि लॉस एंजेलिसच्या खेळाडूंना आता कॉन्फरन्सच्या सामन्यासाठी पार न्यू जर्सीपर्यंत विमानप्रवास. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदाच खेळतात; व्हॉलीबॉलच्या मुलींचं काय? त्यांनाही वर्ग आणि परीक्षा असतातच की.

मग वाढूच नये का? माझं मत: वाढा, पण पुंजका दाट ठेवा. १८ संघांचे ९-९ चे दोन गट करा. गटात प्रत्येकी ८ सामने, एक सामना पलीकडच्या गटाशी, आणि दोन्ही गटांचे विजेते अंतिम फेरीत. सामने तेवढेच, पण गटात सगळे सगळ्यांशी भिडतात.

यात एक मेख आहे. बिग टेनने पूर्व-पश्चिम असे गट करून पाहिले होते. २०१४ ते २०२३ या दहाही अंतिम सामन्यांत पूर्वच जिंकली, कारण बहुतेक तगडे संघ त्याच बाजूला होते. म्हणजे प्रवास वाचवायला नकाशावरून गट पाडले, तर ताकद एकीकडे साठू शकते. ताकद वाटली, तर प्रवास वाढतो. किती तगडे संघ आणले, यापेक्षा ते कुठे बसवले हे जास्त महत्त्वाचं. शेवटी मोसम म्हणजे मोजमापच. आणि न झालेल्या सामन्यातून काहीच मोजता येत नाही.