सोमवारचा पिवळा फ्लास्क

सोमवारी सकाळी कल्चर रूममध्ये गेले की मी आधी इन्क्युबेटरचं बाहेरचं दार उघडते आणि आतल्या काचेतून नुसती बघत राहते. आत ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि मांडणीवर आडवे ठेवलेले फ्लास्क. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांत एकसारखा लाल मीडिया भरलेला असतो. मीडिया म्हणजे पेशींना वाढवायचं पोषकद्रव. शनिवार-रविवार उलटले की मुखकर्करोगाच्या पेशींचे फ्लास्क लांबूनही ओळखू येतात. ते पिवळे पडलेले असतात, पिकल्या लिंबासारखे.

हा रंग बदलतो तो मीडियातल्या फिनॉल रेडमुळे. सामू ७.४ असेपर्यंत तो लाल दिसतो आणि ६.८ च्या खाली गेला की पिवळा. पेशींनी दोन दिवसांत साखर खाऊन आम्ल बाहेर टाकलं, असा त्याचा अर्थ. जंतू शिरले तरी मीडिया पिवळा पडतो, पण तेव्हा तो गढूळ होतो. म्हणून फ्लास्क आधी उजेडाला धरायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. मीडिया नितळ असेल आणि तळाला पेशी फरशा बसवल्यासारख्या एकमेकींना खेटून दिसत असतील, तर ते आम्ल त्यांचंच. माझ्याकडच्या पेशींना कॅल-२७ म्हणतात. ५६ वर्षांच्या एका पुरुषाच्या जिभेतल्या गाठीपासून त्या आल्या. त्या माणसाचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही. त्याच्या पेशींना मात्र मी आठवड्यातून तीनदा खायला घालते.

त्या पेशींना हवा कमी पडत नाही. फ्लास्कच्या झाकणातून ऑक्सिजन आत जात असतो. शाळेत आपण शिकलो की ऑक्सिजन असला की पेशी तंतुकणिकांमध्ये ग्लुकोज पूर्ण जाळते आणि एका रेणूपासून एटीपीचे तीसेक रेणू मिळवते. कर्करोगाच्या पेशी बऱ्याचशा ग्लुकोजचं अर्ध्या वाटेवरच लॅक्टिक आम्ल करून टाकतात. त्यातून हाती लागतात फक्त २ एटीपी. बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात उंदरांच्या गाठींचे पातळ काप घेऊन हे मोजलं होतं. त्यांचं मोजमाप अचूक होतं, कारण मात्र त्यांनी चुकीचं सांगितलं. पेशीची श्वसनयंत्रणा बिघडल्यामुळे असं होतं, असं ते अखेरपर्यंत मानत राहिले. बहुतेक गाठींमध्ये ती यंत्रणा शाबूत असते. मग हा तोट्याचा व्यवहार कशासाठी? तो कोणती प्रथिनं घडवून आणतात हे शोधणं, हे माझं रोजचं काम आहे.

त्यासाठी फ्लास्क पुरत नाहीत, माणसाच्या गाठीतलं ऊतक लागतं. रुग्णाने आधी लेखी संमती दिलेली असते. शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर मी बर्फाची पेटी आणि द्रवरूप नायट्रोजनचं भांडं घेऊन उभी राहते. उणे १९६ अंश. आतून तुरीच्या डाळीएवढे दोन तुकडे येतात, एक गाठीचा आणि एक तिच्यापासून दूरच्या निरोगी अस्तराचा. आपल्याकडे ही गाठ बहुतेक वेळा गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरडीलगत असते, तंबाखू-चुन्याची गोळी किंवा गुटखा जिथे दाबून ठेवतात नेमकी तिथेच. तुकडा हातात पडला की मी धावते. हिफ-१ अल्फा नावाचं प्रथिन ऑक्सिजन मिळताच काही मिनिटांत नष्ट होतं. जिन्यात कुणाशी दोन वाक्यं बोलत थांबले तर त्याचा मागमूस राहत नाही.

या प्रथिनाला मी गाठीतला मुकादम मानते. निरोगी पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडून टाकते. गाठ वाढत गेली की तिच्या आतल्या भागापर्यंत रक्तवाहिन्या पोहोचत नाहीत, ऑक्सिजन कमी पडतो आणि हे प्रथिन मोडायचं थांबतं. मग ते केंद्रकात जाऊन एकेक जनुक जागं करतं. ग्लूट-१ हे ग्लुकोज आत घेणारं दार वाढतं. हेक्सोकायनेज-२ वाढतं. ते आत आलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट जोडतं, म्हणजे ते परत बाहेर जाऊ शकत नाही. एलडीएच-ए वाढतं, ते लॅक्टेट तयार करतं. आणि ते लॅक्टेट बाहेर फेकायला एमसीटी-४ असतंच. पेट स्कॅनमध्ये गाठ चमकते ती पहिल्या दोघांमुळेच. टोचलेलं ग्लुकोजसारखं किरणोत्सारी द्रव्य आत जातं आणि तिथेच अडकून पडतं.

ऊतकातलं नेमकं प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारा ब्लॉट करणं हे सुईणीसारखं काम आहे, घाई चालत नाही. ऊतक कुटायचं, प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, ती पातळ पडद्यावर उतरवायची, पडदा दुधाच्या पावडरीच्या पाण्यात बुडवायचा, प्रतिपिंड घालून रात्रभर ४ अंशांवर हलवत ठेवायचा. पहिल्या वर्षी तीन आठवडे मला ग्लूट-१ चा पट्टा दिसलाच नाही. मी प्रतिपिंडाला दोष देत राहिले. चूक माझी होती. नेहमीच्या सवयीने मी नमुना ९५ अंशांवर उकळत होते. पेशीच्या आवरणात राहणारं हे प्रथिन उकळलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि ते जेलच्या तोंडाशीच अडकतं. उकळणं बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी पट्टा उमटला. एकाच माणसाच्या तोंडातले दोन तुकडे शेजारी शेजारी होते. निरोगी अस्तराचा पट्टा फिकट, गाठीचा काळाभोर. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही, भूक लागल्याचं कळलंही नाही.

आता तोट्याच्या व्यवहाराबद्दल. दर दिवसाआड दुप्पट होऊ पाहणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल लागतो. डीएनएसाठी रायबोज हवं, आवरणांसाठी मेद हवा, नवीन प्रथिनांसाठी अमिनो आम्लं हवीत. ग्लुकोज पूर्ण जाळलं तर त्यातला सगळा कार्बन वायू होऊन निघून जातो. अर्ध्या वाटेवर थांबवलं तर त्यातला काही भाग बांधकामाला वळवता येतो. बाहेर टाकलेलं आम्लही वाया जात नाही. आजूबाजूच्या ऊतकाची वीण त्याने सैल होते आणि गाठीवर चालून आलेल्या रोगप्रतिकारक टी-पेशी त्यात मलूल होतात.

एका फ्लास्कमध्ये मी एलडीएच-ए दाबून ठेवते. सोमवारी तो फ्लास्क लाल असतो आणि तळाला पेशीही कमी दिसतात. पहिल्यांदा हे पाहून मी खूप हरखले होते. पण त्यातल्या काही पेशी तग धरतात. ग्लुटामाइन वापरतात, तंतुकणिकांवर भार टाकतात. एक दार बंद केलं की त्या दुसरं शोधतात. एका प्रथिनाला रोखून हा रोग आटोक्यात येईल असं मी आता म्हणत नाही.

हे सगळं लिहायला बसले ते एका मावशींमुळे. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर त्या नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. त्याच्या गालाचं ऑपरेशन झालेलं, तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं, आणि रेडिएशन सुरू व्हायचं होतं. ‘‘साखर, गूळ, केळी, सगळं बंद केलंय ताई. मोबाइलवर आलं होतं, साखर तोडली की गाठ उपाशी मरते.’’ त्यांचा नवरा महिन्याभरात सुकून गेला होता.

मावशींना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. माझ्या फ्लास्कमध्ये ग्लुकोज रक्तातल्या उपाशीपोटीच्या पातळीच्या जवळजवळ पाचपट असतं आणि ते किती घालायचं हे मी ठरवते. शरीर हा फ्लास्क नाही. आपण खाल्लं नाही तर यकृत स्नायूंमधली प्रथिनं वापरून ग्लुकोज बनवतं, कारण मेंदूला ते लागतं. गाठीच्या दारांना ते ग्लुकोजही चालतं. उपाशी पडतो तो माणूस. वजन उतरलं की रेडिएशनसाठी चेहऱ्यावर बसवलेला साचा सैल होतो आणि उपचार मध्येच थांबवावे लागू शकतात.

तेव्हा घरात असा रुग्ण असेल तर त्याला खाऊ घाला. चावता येत नसेल तर पातळ करून द्या, गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून द्या. डाळीचं घट्ट पाणी, दूध, अंडं, नाचणीची पेज. मधुमेह असेल तर काय आणि किती द्यायचं हे डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारा. आणि तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा तीन बोटं मावत नाहीत इतकं आखडलेलं तोंड दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.