साखर कारखान्याविना दिल्ली

लेखमाला : जिल्हा आणि दिल्ली – भाग सहावा

मागच्या भागात आपण अकलूज पाहिलं. शंकरराव मोहिते-पाटलांनी माळशिरस तालुक्यात उभा केलेला सहकारी साखर कारखाना, त्याच्याभोवती वाढलेल्या शिक्षण आणि सहकारी संस्था, आणि या सगळ्यातून एका घराण्याला मिळालेली सत्ता. पश्चिम महाराष्ट्रात नेता असाच घडतो, असं आपण गृहीत धरून चालतो. पण त्याच सोलापूर जिल्ह्यातून, स्वतःचा कारखाना नाही आणि जिल्हा बँकेवर पकड नाही, असा एक माणूस राज्याचा अर्थमंत्री, मुख्यमंत्री, पुढे राज्यपाल आणि देशाचा गृहमंत्री झाला.

सुशीलकुमार शिंदे यांची कारकीर्द बहुधा ‘पट्टेवाला ते गृहमंत्री’ अशी सांगितली जाते. ती कष्टाची कथा खरी आहे, आणि सोलापुरात ती सगळ्यांना पाठ आहे. आपल्याला इथे वेगळा प्रश्न पडलेला आहे. स्वतःचा गट नसलेला नेता दिल्लीत एवढा वर चढतो कसा? आणि तो चढत असताना इकडे त्याच्या मतदारसंघाचं काय होतं?

कोर्ट, पोलीस, करमाळा

शिंदे यांचा जन्म ४ सप्टेंबर १९४१चा, सोलापुरातला, ढोर समाजातला. घरची गरिबी. न्यायालयात पट्टेवाल्याची नोकरी, नोकरी सांभाळून शिक्षण, दयानंद महाविद्यालयातून पदवी, मग कायद्याचा अभ्यास. १९६५मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले आणि मुंबईत सीआयडीत काम करू लागले. १९७१मध्ये शरद पवारांच्या आग्रहावरून त्यांनी ती नोकरी सोडली. १९७२ला उमेदवारी हुकली. निवडून आलेल्या आमदारांचं निधन झालं, जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या राखीव जागेवर पोटनिवडणूक लागली आणि शिंदे १९७४मध्ये विधानसभेत पोचले. लवकरच राज्यमंत्रीही झाले.

करमाळा राखीव होता. पुढचे काही महत्त्वाचे विजय मात्र खुल्या जागांवर मिळाले, आणि हे फारसं कुणी मोजत नाही. १९९८ आणि १९९९मध्ये त्यांनी सोलापूर लोकसभा जिंकली, तेव्हा ती जागा सर्वसाधारण होती. मुख्यमंत्री झाल्यावर ज्या दक्षिण सोलापुरातून ते पोटनिवडणूक जिंकले, तीही सर्वसाधारण. सोलापूर लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली ती मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, २००९पासून.

याला सोलापूर शहराची घडण कारणीभूत आहे. गिरण्यांमुळे वाढलेलं हे गाव. पूर्व भागात तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर, बाजारपेठेत कन्नड बोलणारा लिंगायत व्यापारी, शेजारच्या पेठांत उर्दू, बाकी मराठी. कुठल्याही एका जातीच्या जोरावर इथे निवडणूक काढता येत नाही. सगळ्यांना थोडाथोडा आपला वाटेल आणि कुणालाच अडचणीचा वाटणार नाही, असा उमेदवार इथे चालतो. शिंदे यांचं हसतमुख, कुणाला न दुखावणारं राजकारण या शहरात शिकलेलं आहे. पुढे दिल्लीत त्यांना तेच उपयोगी पडलं.

पवारांबरोबर आणि पवारांशिवाय

जुलै १९७८मध्ये पवारांनी वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार बनवलं, तेव्हा शिंदे पवारांबरोबर बाहेर पडलेल्या मंत्र्यांत होते. पण पुलोद फार टिकणार नाही असं दिसू लागल्यावर ते इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये परतले. पवार परतले ते १९८६ला. मधल्या काळात काँग्रेसने मुख्यमंत्र्यांमागून मुख्यमंत्री बदलले, शिंदे मात्र टिकून राहिले. अर्थमंत्री म्हणून त्यांनी राज्याचे नऊ अर्थसंकल्प मांडले.

दुसरा निर्णय १९९९चा. सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा करून पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली. राजकारणात आणलं त्या माणसाबरोबर जायचं की पक्षात राहायचं? शिंदे राहिले, आणि त्याच वर्षी अमेठीत सोनियांच्या प्रचाराची व्यवस्था त्यांच्याकडे आली. त्याआधी १९९२पासून राज्यसभा आणि पक्षाचं सरचिटणीसपद यांतून दिल्लीची वाट त्यांनी चाचपून ठेवली होती. १९९९ने ती पक्की केली.

हायकमांडचा हिशेब समजून घ्यायला हवा. ज्याच्यामागे चाळीस आमदार आहेत, त्याला मोठं पद देणं जोखमीचं असतं, कारण तो उद्या ते आमदार घेऊन बाहेर पडू शकतो. ज्याच्यामागे कुणी नाही, तो पदासाठी पक्षावर अवलंबून राहतो. पवारांना दिल्ली नेहमी बिचकून राहिली, शिंद्यांना कधीच नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या गृहमंत्र्यांची यादी पाहा : यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण, शिवराज पाटील, सुशीलकुमार शिंदे. यशवंतराव सोडले तर बाकी तिघांची ओळख आपल्या आमदारांच्या संख्येपेक्षा पक्षनिष्ठेमुळे अधिक आहे. शिवराज पाटील तर २००४ला लातूरमध्ये हरले आणि त्याच महिन्यात देशाचे गृहमंत्री झाले.

दोन वर्षांत तीन भूमिका

२००२ ते २००४ या काळात हा हिशेब उघड्यावर चाललेला दिसतो. ऑगस्ट २००२मध्ये शिंदे उपराष्ट्रपतिपदाचे उमेदवार होते. संख्याबळ विरोधात असल्यामुळे पराभव ठरलेलाच होता : भैरोसिंह शेखावत ४५४, शिंदे ३०५. पाच महिन्यांनी, १८ जानेवारी २००३ला, विलासराव देशमुखांच्या जागी ते मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राला पहिला दलित मुख्यमंत्री मिळाला, राज्याच्या स्थापनेनंतर ४३व्या वर्षी.

सोलापूरसाठी हे दिवस वैभवाचे होते. डिसेंबर २००३मध्ये अकलूजचे विजयसिंह मोहिते-पाटील उपमुख्यमंत्री झाले, म्हणजे राज्याच्या दोन्ही खुर्च्या एकाच जिल्ह्याकडे. १ ऑगस्ट २००४ला एकाच जिल्ह्यापुरतं सोलापूर विद्यापीठ सुरू झालं. निवडणुकीच्या तोंडावर शिंदे सरकारने शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली. त्या ऑक्टोबरात राष्ट्रवादी ७१ आणि काँग्रेस ६९ जागा घेऊन दोन्ही पक्षांची आघाडी सत्तेवर परतली.

ज्यांच्या नेतृत्वाखाली निवडणूक लढवली त्यांनाच खुर्ची मिळेल, असं कुणालाही वाटेल. मुख्यमंत्री झाले ते विलासराव. शिंदे ४ नोव्हेंबर २००४ला आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून हैदराबादला गेले. जाहीर नाराजी नाही, आमदारांची बैठक नाही. कारखानदार नेत्याने हे इतक्या शांतपणे घेतलं असतं, असं मला वाटत नाही. ज्या गुणामुळे पद मिळालं, त्याच गुणामुळे ते सहज काढून घेता आलं. मोफत विजेची घोषणाही नव्या सरकारने पुढच्या वर्षी मागे घेतली.

वीज आणि गृह

जानेवारी २००६मध्ये ते केंद्रीय ऊर्जामंत्री झाले आणि साडेसहा वर्षं त्या खात्यात राहिले. या कारकिर्दीची अखेर लोकांच्या लक्षात आहे ती ग्रीडमुळे. ३० जुलै २०१२च्या पहाटे उत्तरेचं ग्रीड कोसळलं. ३१ जुलैला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीड एकदम बंद पडली आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या वाट्याला अंधार आला. त्याच दिवशी शिंदे यांना बढती मिळाली : गृहमंत्रिपद. दुसऱ्या दिवशी कार्यभार घेतला आणि त्याच संध्याकाळी पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले.

त्या दिवशी दक्षिण भारत वाचला, कारण दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाशी एका वारंवारितेने जोडलेलंच नव्हतं. ती जोडणी झाली ३१ डिसेंबर २०१३ला, ७६५ किलोव्होल्टच्या रायचूर–सोलापूर वाहिनीने. देशाचं एकच ग्रीड पूर्ण होण्याच्या कामात सोलापूरचं नाव असं कायमचं लागलं. सोलापूर जिल्ह्यातल्या फताटेवाडीजवळचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्पही त्यांच्या ऊर्जामंत्रिपदाच्या काळात मार्गी लागला.

गृहमंत्री म्हणून त्यांच्या वाट्याला अवघड काळ आला. कसाब आणि अफझल गुरूच्या फाशीची अंमलबजावणी गुप्तता राखून झाली. दिल्लीतल्या बलात्कारानंतरच्या आंदोलनात त्यांची वक्तव्यं वादग्रस्त ठरली, आणि काँग्रेसच्या जयपूरच्या शिबिरात संघ-भाजपवर केलेल्या आरोपाबद्दल त्यांना खेद व्यक्त करावा लागला. १३ फेब्रुवारी २०१४ला त्यांनी लोकसभेत तेलंगणाचं विधेयक मांडलं, तेव्हा सभागृहात मिरपुडीचा फवारा उडाला. ज्या अखंड आंध्रचे ते राज्यपाल होते, त्याच्या विभाजनाचं विधेयक त्यांच्याच हातून गेलं.

मतदारसंघाने काय केलं?

आता दुसरा प्रश्न. शिंदे मुख्यमंत्री झाल्यावर रिकामी झालेली सोलापूर लोकसभा २००३च्या पोटनिवडणुकीत भाजपच्या प्रतापसिंह मोहिते-पाटलांनी घेतली. राष्ट्रवादीचे मोठे नेते असलेल्या विजयसिंहांचे ते धाकटे बंधू. २००४ला शिंदे यांच्या पत्नी उज्ज्वलाताई उभ्या राहिल्या आणि भाजपच्या सुभाष देशमुखांकडून हरल्या. २००९ला शिंदे स्वतः जिंकले. २०१४ला, गृहमंत्री असताना, भाजपच्या शरद बनसोडे यांच्याकडून जवळपास दीड लाख मतांनी हरले. २०१९ला भाजपच्याच जयसिद्धेश्वर महास्वामींनी त्यांना तेवढ्याच फरकाने हरवलं. त्या निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर सोलापुरातून लढले आणि त्यांना दीड लाखाहून अधिक मतं पडली.

मोदी लाट, आंबेडकरांची उमेदवारी ही कारणं आहेतच. पण त्याखाली एक जुनी तक्रार आहे. देशाची वीज सांभाळणारा मंत्री आमचा, पण गिरण्या बंद पडल्या त्या पडल्याच, आणि जिल्ह्यात उजनीसारखं धरण असूनही शहरात नळाला रोज पाणी नाही. राष्ट्रीय ग्रीडची वाहिनी मतदाराच्या दारातून जाते, तिचं श्रेय मात्र त्याच्या मनात कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही. एनटीपीसीचा प्रकल्प वीज देऊ लागला तेव्हा शिंदे मंत्रीही नव्हते आणि खासदारही नव्हते. कारखानदार नेत्याला हा त्रास नसतो. तो मुंबईत असो वा दिल्लीत, उसाचं बिल त्याच्या संस्थेतून निघतं आणि सभासदाला त्याची आठवण दर हंगामात होते. शिंद्यांच्या मागे गावात अशी आठवण करून देणारी यंत्रणा नव्हती.

२०२४ला त्यांच्या कन्या प्रणिती शिंदे यांनी भाजपच्या राम सातपुते यांना ७४,१९७ मतांनी हरवून ही जागा परत मिळवली. त्याआधी त्या सोलापूर शहर मध्य विधानसभा मतदारसंघातून, म्हणजे पुन्हा एका खुल्या जागेवरून, सलग तीनदा आमदार झाल्या होत्या. वडिलांच्या आणि त्यांच्या वाटेत मोठा फरक आहे. काँग्रेसच्या हायकमांडकडे २०१४पासून केंद्रातलं मंत्रिपद नाही, राजभवन नाही, राज्यसभेच्या जागाही तुटपुंज्या. निष्ठेच्या बदल्यात मोठं पद, हा व्यवहार ज्या काळात चालला, तो काळ संपला. शिंद्यांना पडल्यावर उचलून घेणारा पक्ष होता. सोलापूरच्या पुढच्या नेत्याला, तो कुठल्याही पक्षाचा असो, एकट्या मतदारावर विसंबावं लागेल. मतदाराला पाणी आणि काम लवकर हवं आहे, आणि पाच वर्षं वाट पाहण्याचं बंधन फक्त त्याच्यावर आहे.

पुढच्या भागात : माढा. २००९ला शरद पवार बारामती सोडून याच जिल्ह्यात का आले, आणि पाच वर्षं एका जिल्ह्याचे दोन्ही खासदार केंद्रीय मंत्री असण्याचा सोलापूरला उपयोग काय झाला?