शिकागोचं बेसबॉल मैदान आणि पत्त्यात लपलेलं गणित



मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असली की एखाद्या उन्हाळ्यात आपलं तिकडे जाणं होतंच. नातवंडं म्हणतात, "आजोबा, मॅच बघायला जाऊ या." मॅच म्हणजे तिकडे बेसबॉल. तिकीट काढणं सोपं असतं, पण राहायचं कुठे हा प्रश्न सुटत नाही. हॉटेलच्या प्रत्येक जाहिरातीत 'स्टेडियमच्या अगदी जवळ' असं लिहिलेलं असतं. म्हणजे नेमकं किती जवळ? शिकागो शहरात या प्रश्नाचं उत्तर हॉटेलच्या पत्त्यातच असतं आणि ते काढायला पाचवीचा भागाकार पुरतो. म्हणून आज शिकागोच्या रिगली फील्ड या मैदानाबद्दल.

आधी मैदानाची ओळख करून घेऊ. १९१४ साली बांधलेलं हे मैदान शिकागो कब्ज संघाचं घर आहे. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये याहून जुनं मैदान एकच, बॉस्टनचं फेनवे पार्क (१९१२). इथे साधारण ४१ हजार प्रेक्षक बसतात. मैदानाच्या मागच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली लावलेली वेल आहे. चेंडू त्या पानांत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात. धावफलकही १९३७ चाच, आणि अजून आत बसलेली माणसं हाताने आकड्यांच्या पाट्या बदलतात. मुलांना हे नक्की दाखवा, मोठ्या व्हिडिओ पडद्यापेक्षा त्यांना यातच जास्त गंमत वाटते. समोरच्या घरांच्या गच्चीवरही बाक टाकलेले दिसतील, तिथे तिकीट काढून लोक बसतात. आपल्याकडे गल्लीतली मॅच गच्चीवरून फुकट बघतात, तिकडे त्याचाही धंदा झाला आहे!

इथे १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, सगळे सामने दिवसाउजेडी व्हायचे. आजही दुपारचे सामने इथे बरेच असतात. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर दुपारचाच सामना निवडा. तिकीट घेताना एक गोष्ट बघा. जुनं बांधकाम असल्यामुळे काही जागांसमोर लोखंडी खांब येतात. अशा तिकिटावर दृश्य अडतं असं लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. पण वरच्या मजल्याखालच्या मागच्या रांगांत सावली मिळते, हेही लक्षात असू द्या.

आता मुख्य मुद्दा, पत्त्याचा. शिकागोत घरांचे क्रमांक एका बिंदूपासून सुरू होतात, तो म्हणजे स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांचा चौक. तिथे शून्य. तिथून उत्तरेला जाताना दर मैलाला क्रमांक ८०० ने वाढतो. म्हणजे वर्गात शिकवतो तो आलेख, आरंभबिंदू आणि दोन अक्ष, शहरभर पसरलेला! रिगली फील्डचा पत्ता आहे १०६० वेस्ट ॲडिसन. ॲडिसन रस्ता ३६०० उत्तर या रेषेवर आहे. ३६०० भागिले ८०० म्हणजे साडेचार. मैदान मध्य शहराच्या शून्यापासून साडेचार मैल उत्तरेला आणि सव्वा मैलाहून थोडं जास्त पश्चिमेला आहे.

आता समजा एका हॉटेलचा पत्ता आहे ६०० नॉर्थ अमुक रस्ता. ३६०० वजा ६०० म्हणजे ३०००, म्हणजे पावणेचार मैल. जाहिरातीत काहीही म्हटलेलं असो, हे चालत जाण्याचं अंतर नाही. हॉटेल बेलमाँट रस्त्यावर असेल, तर ती रेषा ३२०० ची, म्हणजे ॲडिसनपासून फक्त अर्धा मैल दक्षिणेला. डायव्हर्सी रस्ता २८०० वर, म्हणजे एक मैल. मुलांना कागद-पेन्सिल देऊन पाच-सहा हॉटेलांचे पत्ते असे तपासायला लावा. (मध्य शहराच्या दक्षिणेकडे हा हिशोब सुरुवातीचे काही मैल थोडा बिघडतो, उत्तरेकडे मात्र छान बसतो.)

मैदानाला खेटून हॉटेलं फार नाहीत. क्लार्क रस्त्यापलीकडे समोरच हॉटेल झॅकरी आहे, २०१८ मध्ये उघडलेलं. मैदानाचा आराखडा करणाऱ्या झॅकरी टेलर डेव्हिस या वास्तुविशारदाचं नाव त्याला दिलंय. खिडकीतून मैदान दिसतं, पण सामन्याच्या दिवशी भाडं चढतं आणि आजूबाजूला रात्री उशिरापर्यंत बारचा गोंगाट असतो. माझं स्पष्ट मत असं की कुटुंबासह जाणाऱ्यांनी त्याच्या मागे लागू नये.

त्यापेक्षा रेड लाइनवर राहा. ही लोकल चोवीस तास धावते आणि तिच्या ॲडिसन स्टेशनमधून बाहेर पडलं की मैदान एका गल्लीवर. ग्रँड, लेक, मनरो, जॅक्सन ही मध्य शहरातली स्टेशनं. यातल्या कुठल्याही स्टेशनपासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावरचं हॉटेल घेतलं की वीसेक मिनिटांत मैदानावर पोचता, आणि बाकीचे दिवस तळं, संग्रहालयं बघायलाही सोयीचं. ओहेअर विमानतळावरून ब्लू लाइनने यायचं आणि जॅक्सनला आतल्या आतच रेड लाइन पकडायची. वानखेडेवर मॅच असताना चर्चगेटला कोणी गाडी घेऊन जातं का? तसंच इथे. मध्य शहरातल्या हॉटेलात गाडी ठेवायलाच एका रात्रीचे ५० डॉलरच्या पुढे जाऊ शकतात, आणि मैदानाभोवतीच्या गल्ल्यांत पार्किंग मिळवणं कटकटीचं.

सामना संपल्यावर ॲडिसनला तोबा गर्दी होते. पाय चालत असतील तर दक्षिणेला बेलमाँट स्टेशनपर्यंत अर्धा मैल चाला. तिथे ब्राउन लाइनही मिळते.

जाहिरातीतला दर बघून खूश होऊ नका. शिकागोत खोलीवर १७ टक्क्यांहून जास्त कर लागतो. १५० डॉलरची खोली १७५ च्या वर जाते, शिवाय काही हॉटेलं वेगळं शुल्क लावतात. मुलांना शेकडेवारीचं उदाहरण हवं असेल तर हे घ्या. ऑगस्टच्या सुरुवातीला ग्रँट पार्कमध्ये लोलापलूझा हा मोठा संगीत महोत्सव असतो, तेव्हा मध्य शहरातले दर भडकतात. ते दिवस टाळा.

पाऊस आला तर? सामना रद्द झाला की तिकीट पुढच्या तारखेला चालतं, पण ती तारीख महिनाभरानंतरचीही असू शकते. तोवर तुम्ही पुण्याला परत! म्हणून मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाचंच तिकीट काढा. तो सामना पावसात गेला, तरी दुसऱ्या दिवशीचा बघायची संधी उरते. कब्ज बाहेरगावी असतील तर याच रेड लाइनने दक्षिणेला जा. सॉक्स-३५ या स्टेशनजवळ शहरातल्या दुसऱ्या संघाचं, व्हाइट सॉक्सचं मैदान आहे. हॉटेल बदलायची गरज नाही.

खेळ कळेल का, ही भीती सोडा. नऊ डाव, प्रत्येक डावात दोन्ही संघांना आळीपाळीने फलंदाजी, तीन बाद झाले की बाजू बदलते. हल्ली साधारण पावणेतीन तासांत आटोपतं. सातव्या डावाच्या मध्ये सगळे उभे राहून गाणं म्हणतात, आपणही उभं राहायचं.

नववी-दहावीच्या मुलांसाठी एक काम. चार बेसचा जो चौक असतो तो खरोखर चौरस आहे, बाजू ९० फूट. होम प्लेटपासून समोरचा दुसरा बेस म्हणजे त्याचा कर्ण. पायथागोरस लावून अंतर काढा, सव्वाशे फुटांहून थोडं जास्त, १२७ च्या आसपास आलं पाहिजे. झेलणाऱ्याने बसल्या जागेवरून चेंडू तिथवर फेकून धावणाऱ्याला बाद करायचं असतं. शाळेच्या मैदानावर टेपने तेवढं अंतर मोजून मुलांना एकदा चेंडू फेकायला लावा.