धायटीचा उतार

माघ-फाल्गुनात सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर गवत वाळून पिवळं पडतं, ओढे आटू लागतात आणि नेमकी तेव्हा धायटी फुलते. पळस, पांगारा, काटेसावर लांबूनच नजरेत भरतात, त्यांचं कौतुकही पुष्कळ होतं. धायटी मात्र जेमतेम पुरुषभर उंचीचं झुडूप. ती पाहायची तर वाट सोडून जवळ जायला हवं.

फांद्या लांब आणि झुकलेल्या, साल तांबूस, पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. पानं समोरासमोर, टोकदार. पान उलटून पाहिलं तर खालची बाजू पांढुरकी आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. या ग्रंथी. फुलं नसतानाही धायटी ओळखायची ही खूण. बहराच्या वेळी बरीचशी पानं गळून गेलेली असतात आणि फांद्यांवर पेरापेराशी शेंदरी-लाल फुलांचे झुबके लगडतात.

एखादं फूल नखानं उभं चिरून पाहावं. जो लाल रंग आपल्याला दिसतो तो निदलपुंजाचा, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाचा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीची, किंचित वाकलेली ती नळी असते. खऱ्या पाकळ्या नळीच्या तोंडाशी, इतक्या चिमुकल्या की भिंगच हवं. बहुधा बारा पुंकेसर बाहेर डोकावतात आणि तळाशी मध साचलेला असतो. पाकळ्या झडल्या तरी नळी राहते, तिच्याच आत बोंड धरतं. म्हणून झुडूप आठवडेच्या आठवडे लाल दिसतं. डाळिंबाच्या फुलाचा तो जाड लाल कोश आठवा. डाळिंब, मेंदी आणि धायटी एकाच कुळातली आहेत.

त्या मधासाठी शिंजीर दिवसभर येत असतात. वाकडी चोच नळीत जाते आणि परागकण कपाळाला चिकटतात. चष्मेवाले पक्षी येतात, मधमाश्या येतात. डोंगरातली पोरंही फूल खुडून चोखतात. डोंगर कोरडा पडलेला असताना ही पाणपोई सुरू असते.

वाळलेल्या धायफुलांना आयुर्वेदात मोठा मान आहे. दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत काढा आणि गूळ एकत्र करून त्यात ही फुलं घालतात आणि भांडं बंद करून ठेवतात. फुलांवर रानटी किण्व असतं. ते गुळाची साखर आंबवतं आणि औषधात आपोआप मद्यार्क तयार होतो. तोच औषध टिकवतो. जावा बेटावरही ही फुलं पारंपरिक औषधांत वापरतात. फुलांत आणि पानांत टॅनिन भरपूर, त्यामुळे कापड रंगवायलाही ती पूर्वी लागत. केंद्र सरकारनं गौण वनोपजांसाठी ठरवलेल्या किमान आधारभूत किमतींच्या यादीत सुकी धायफुलं आहेत. ज्यांच्या घरी उन्हाळ्याचा पैसा रानातून येतो, त्यांच्यासाठी ही नोंद महत्त्वाची. फांद्या ओरबाडण्याऐवजी फुलं हातानं खुडली आणि काही झुडपांवर ठेवली, तर बी धरतं आणि पुढच्या वर्षीही माल मिळतो.

धायटीला मुरमाड, खडकाळ जागा चालते. घाटरस्त्याची कापलेली दरड, ओढ्याचा काठ, गवताळ उतार, पानझडी जंगलाची कड, जिथं ऊन मिळेल तिथं ती उभी राहते. तोडली तरी खुंटातून नवे धुमारे फुटतात. तिची मुळं सुटी माती धरून ठेवतात. दाट सावलीत मात्र तिचा फुलोरा रोडावतो.

आणि इथंच माझी तक्रार आहे. असा उतार कागदोपत्री ‘पडीक’ ठरतो. मग खड्डे खणून तिथं गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली जाते आणि त्याला वनीकरण म्हणतात. काही वर्षांत सावली दाटते, धायटी हटते, तिच्याबरोबर गवतही जातं. पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनींना वन म्हणायचं की नाही, हा वाद याच समजातून वर्षानुवर्षं चालला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या सहा जिल्ह्यांतल्या झुडपी जमिनींना वनाचाच दर्जा असल्याचं स्पष्ट केलं. सह्याद्रीतल्या गावच्या गायरानांना आणि डोंगरउतारांना असं सरसकट संरक्षण नाही. तिथला निर्णय बहुतेक वेळा ग्रामसभेच्या हाती असतो. वृक्षारोपणाचा ठराव मांडला जाईल तेव्हा कुणीतरी उठून विचारावं, की त्या उतारावर आज काय काय उगवतं आहे. हा प्रश्न पावसाळ्यात विचारून भागणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, धायटी फुललेली असताना, सगळ्यांनी मिळून तो उतार चढावा आणि मग ठराव करावा.