दप्तर आधी, यंत्र नंतर

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपल्या आजोबांनी ऐकली, वडिलांनी ऐकली, आपणही ऐकली. आता गावोगाव संगणक आले, हातोहाती मोबाईल आले. मग म्हण खोटी ठरली का? काही कामांत ठरली, काही कामांत नाही. असे का? ते आम्ही सातबाऱ्यावरून सांगतो.

गावच्या दप्तरात नमुना 7 आणि नमुना 12 असे दोन कागद असतात. जमीन कोणाची, किती, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे नमुना 7 सांगतो. रानात पीक कोणते, हे नमुना 12 सांगतो. दोन्ही मिळून झाला सातबारा.

आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे 2024 पर्यंतचा अहमदनगर, क्षेत्राने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. तालुके 14. पूर्वी उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहावी लागे. एका तलाठ्याकडे अनेक गावे. आज या गावी, उद्या त्या गावी. शेतकऱ्याची खेप वाया जायची, दिवस मोडायचा.

सरकारने ठरवले, सातबारा संगणकात घालू. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संगणक जे घातले तेच दाखवतो. समजा, एका बाईचा नवरा वारला. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर तिचे नाव लागले होते. संगणकात घालताना ते राहून गेले. आता बाईला पीककर्ज कसे मिळणार? गारपिटीची मदत कोणाच्या नावे येणार? जमीन तीच कसते, पण कागद म्हणतो, ती कोणीच नाही.

म्हणून 2017 साली गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा लोकांसमोर वाचून दाखवायचा, चूक निघाली तर सांगायची, अशी ती रीत. मग 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. ही शाईची सही नव्हे. संगणकाने घातलेली ती खूण असते. मागाहून कोणी मजकूर बदलला, तर खूण जुळत नाही. अशा उताऱ्यावर तलाठ्याची वेगळी सही लागत नाही. आधी दप्तर नीट, मग यंत्र. हा क्रम महत्त्वाचा.

सरकारने अशी कोणतीही सेवा आखताना आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, लोकांची गरज. कोल्हापूरकडे वारणा भागात 1998 साली सुमारे 70 गावांत संगणक बसवायची योजना निघाली. त्यांवर नाना प्रकारची माहिती मिळेल, असा बेत होता. पण लोक मुख्यतः एकच विचारीत : माझा ऊस किती भरला? पुढे काही गावांत तेवढी माहिती साध्या मोबाईलच्या संदेशावर देऊन पाहिली. काम झाले, खर्चही कमी आला. आधी लोकांना विचारावे, मग यंत्र घ्यावे.

दुसरी, मदतीला माणूस. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने रानात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि मोबाईलवर नोंद करायची. पण ज्याच्याकडे तसा मोबाईल नाही, त्याने काय करावे? डोंगरात रेंज नाही, तिथे काय? म्हणून पुढे गावात सहायक नेमावे लागले. यंत्राने माणसाचे काम हलके करावे. माणूसच काढून टाकला, तर गरीब मागे राहतो.

तिसरी, मुदत. महाराष्ट्रात 2015 साली लोकसेवा हक्क कायदा झाला. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, फी किती, जबाबदार अधिकारी कोण, हे कचेरीत फलकावर लिहायचे असते. मुदत टळली तर अपील करता येते. अधिकाऱ्याने कारण नसता टाळाटाळ केली, तर त्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. मुदत नसेल, तर संगणकातला अर्जही सहा महिने पडून राहील.

आता आपले काम. आपला सातबारा काढून घ्या. मोबाईल नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात जा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडेही मिळेल. नाव पाहा, गट नंबर पाहा, क्षेत्र पाहा, बोजा पाहा. फेडलेले कर्ज अजून दिसते का? वारसांत मायबहिणींची नावे आहेत का? जुन्या उताऱ्याशी ताडून बघा. लिहिताना झालेली चूक दुरुस्त करण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. तसा अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोचेवरची तारीख हाच आपला पुरावा. त्या तारखेपासूनच मुदतीचे दिवस मोजायचे.

पूर्वी आपण अंगठा उठवत होतो आणि दुसरा सांगेल ते खरे मानत होतो. आता आपल्याला अक्षर येते. ते सर्वांत आधी आपल्याच सातबाऱ्यावर चालवून पाहू. शेजारच्या म्हाताऱ्या आजीचा उताराही वाचून दाखवू.