टॅप हातात घेण्याआधी

इंजिन खोललं की सगळ्यांची नजर पिस्टन, लायनर आणि व्हॉल्व्हवर जाते. हेड बोल्टच्या भोकांकडे कोण बघतंय? जुन्या गॅस्केटचा थर खरवडला, वरून फडका मारला की ब्लॉक तयार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ट्रॅक्टरच्या इंजिनांवर काम करणाऱ्या मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून ही भोकं साफ करायला शिकलो, तेव्हा कळलं की हेड धरून ठेवणारं सगळं बळ इथेच असतं.

टॉर्क रेंच फक्त बोल्ट फिरवायला किती जोर लागला तेवढंच सांगतो. हेड किती दाबलं गेलं, ते त्याला कळत नाही. त्या जोरातला साधारण 90 टक्के भाग घर्षणात जातो. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त बोल्टच्या डोक्याखाली, बाकीचा आट्यांत. दाबायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आट्यांत गंज आणि काजळी असली की घर्षण वाढतं आणि ते या दहाव्या हिश्शालाच खातं. रेंच ‘टक्’ करतो, हेड मात्र पुरतं बसलेलं नसतं. पुढे गॅस्केट गेलं की शिव्या गॅस्केटला.

मग साफ कशानं करायचं? हात आपसूक टॅपकडे जातो, आणि मला तेच खटकतं. टॅपचा धर्मच कापण्याचा. घाणीबरोबर तो जुन्या आट्याच्या अंगाचं लोखंडही तासून काढतो. जरासा तिरका लागला तर दुसरीच वाट पाडतो. तुटला तर आणखी पंचाईत, कारण टॅपचं पोलाद इतकं कडक की साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. शिवाय सेटमधला टेपर टॅप बंद भोकाच्या तळाचे आटे पूर्ण साफ करतच नाही. टोकाचे त्याचे दात निमुळते असतात.

या कामाचं खरं हत्यार म्हणजे चेसर. त्याला टॅपसारखी कापणारी धार नसते. तो घाण सोडवतो आणि थोडासा दबलेला आटा जागेवर आणतो. उद्यमनगरात तो बहुधा घरचाच असतो: त्याच मापाचा चांगला बोल्ट घ्यायचा, करवतीनं लांबीच्या दिशेनं तीन-चार खाचा पाडायच्या, खाचांच्या कडांचे काटे तिकोनी कानशीनं काढून टाकायचे. घाण त्या खाचांत गोळा होते. ताणून बसवलेला जुना हेड बोल्ट मात्र यासाठी नको. तो लांबलेला असेल तर त्याचा पिचही बिघडलेला असतो.

माप आधी पिच गेजनं बघायचं. एम 12 म्हटलं तरी पिच 1.75 असेल, 1.5 किंवा 1.25 ही असेल. जुन्या इंजिनांत फसगत जास्त. तीन अष्टमांश इंची व्हिटवर्थ आणि यूएनसी, दोन्हींत इंचाला 16 आटे. पण एकाचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60. बोल्ट आत जातो, म्हणून माप जुळलं असं धरायचं नाही.

आधी क्लीनर, मग भोकाच्या मापाचा तारेचा ब्रश, मग चेसर. तो हातानंच फिरवायचा, अडला की अर्धा फेरा मागे घ्यायचा. शेवटी तोंडावर फडका धरून, डोळ्यांना चष्मा लावून हवा मारायची. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्यावर दाबला जातो. द्रव काही दबत नाही, आणि बिडाचा ब्लॉक तडकू शकतो. म्हणून मिस्त्री प्रत्येक भोकात तार घालून खोली बघतात. एखादं उथळ लागलं की तळाशी अजून काहीतरी आहे.

नवा बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत गेला पाहिजे. चेसरच्या खाचेत काळ्या घाणीऐवजी चकचकीत लोखंडाच्या चिरफळ्या आल्या, तर तिथेच थांबायचं. तो आटा गेलेला असतो. तिथे मोठं भोक पाडून हेलिकॉइल बसवावी लागते आणि ते भोक ब्लॉकच्या माथ्याशी काटकोनातच हवं, म्हणून असा ब्लॉक हातातल्या ड्रिलखाली न धरता सरळ मशिन शॉपला पाठवायचा.