बी कोणाचे, माप कोणाचे?

जंगल वाचवण्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात झाडे असतात, पाखरे असतात. माणूस मात्र नसतो. असलाच तर कुऱ्हाड घेऊन आलेला. ॲमेझॉनच्या जंगलातील ब्राझील नट या बियांची हकिकत म्हणूनच मला महत्त्वाची वाटते.

हे झाड पन्नास मीटरपर्यंत वाढते, शेकडो वर्षे जगते. नारळासारख्या टणक फळात दहा ते पंचवीस बिया असतात. डिसेंबर ते मार्च या पावसाच्या दिवसांत फळे आपोआप गळतात. ती वेचायची, कोयत्याने फोडायची. झाडाला इजा नाही. पण या झाडाला शेजार लागतो. त्याच्या फुलांचे परागीकरण मोठ्या रानटी माश्या करतात, आणि अगूती हा मोठ्या सशाएवढा प्राणी कवच कुरतडून बिया पुरून ठेवतो. त्याने विसरलेल्या बियांतून नवे झाड येते. ब्राझीलमध्ये १९९४ पासून हे झाड तोडायला बंदी आहे. तेव्हा भोवतालचे जंगल जाळून कुरणात झाड तेवढे एकटे उभे ठेवतात. कायदा पाळला जातो, फळ जवळजवळ धरत नाही!

आता वेचणारा कोण? आक्रे प्रांतातील बहुतेक वेचणारे १८७७ च्या दुष्काळापासून ईशान्य ब्राझीलमधून रबराच्या कामासाठी आलेल्या भूमिहीनांचे वंशज. रबर आणि बिया मालकाला विकायच्या, मीठ-कपडा त्याच्याच दुकानातून घ्यायचा. भाव त्याचा, माप त्याचे, वहीही त्याचीच. कर्ज फिटू नये हीच व्यवस्था. आपल्या वाचकाला ही वही निराळी समजावून सांगायला नको.

१९७० नंतर गुरांचे मोठे मालक आले व जंगल पडू लागले. वेचणारे बायकामुलांसह तोडणाऱ्यांच्या आडवे उभे राहिले. त्यांचे नेते विल्सन पिन्येइरो यांचा १९८० मध्ये आणि शिकू मेंडेस यांचा २२ डिसेंबर १९८८ रोजी खून झाला. १९९० मध्ये मेंडेस यांच्या नावाने सुमारे साडेनऊ लाख हेक्टरांचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. जमीन सरकारची, वापराचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा. मालकाच्या दुकानाला पर्याय म्हणून सहकारी संस्थाही निघाल्या होत्या. माझ्या मते जंगल टिकवण्याची खरी तजवीज ती हीच.

मात्र बी वेचण्यालाही मर्यादा आहे. जिथे वर्षानुवर्षे जवळजवळ सगळ्या बिया उचलल्या गेल्या तिथे कोवळी झाडे फारशी आढळत नाहीत, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे अगूतीचा वाटा ठेवावा लागतो. तो ठेवणे भरल्या पोटालाच परवडते. बियांना भाव नसला की माणूस दुसरे काही बघतो. मेंडेस यांच्या नावाच्या त्या क्षेत्रातही कुरणे वाढली आहेत. गाय अडीनडीला केव्हाही विकता येते, बिया वर्षातून तीन-चार महिनेच.